उथळ पाणी कोणाचे?

शिरड शहापूर, औंढा नागनाथ व वसमत ह्या बाजूच्या आमच्या वाचकांपासून समुद्र शेकडो मैल दूर आहे. पुष्कळांनी तो डोळ्यांनी पाहिलेलाही नसेल. तथापि बाजाराच्या दिवशी सुकट व सुके बोंबील घेऊन जे बसतात त्यांच्या टोपल्यांतून समुद्र आमच्या खेड्यांपर्यंत येतोच. पावसाळ्यात भाजी महाग झाली म्हणजे गरिबाच्या भाकरीला मूठभर सुकट किती आधार देते हे आमच्या बायाबापड्यांस सांगावयास नको. ती सुकट व ते बोंबील ज्या लोकांनी पकडले आणि वाळविले, त्या लोकांच्या पोटावर गेली सुमारे पन्नास वर्षे एक संकट येऊन बसले आहे. ते वादळासारखे आकाशातून आलेले नसून माणसांनी आणलेले आहे, सबब माणसांस ते दूरही करिता येईल. त्याचा विचार आजच्या पाठात करावयाचा आहे.

प्रथम तेथील लोक व त्यांची जाळी ह्यांची ओळख करून घेऊ. पालघर, ठाणे, मुंबईचे दोन जिल्हे, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग असे आपल्या राज्याचे सात जिल्हे समुद्राला लागून आहेत. किनाऱ्याची लांबी 720 किलोमीटर असे आम्ही शाळेत घोकले; अलीकडच्या मोजणीने तो आकडा वाढला आहे. ह्या किनाऱ्यावर कोळी, मांगेला, वैती, भंडारी, खारवी, दालदी, गाबीत अशा अनेक जातींचे लोक मासेमारीवर जगतात. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, वसई व मुंबईकडे ख्रिस्तीही आहेत. पुरुष होडीवर जातो. मासळी विकणे, निवडणे, वाळविणे हे काम बहुतकरून बायकांचे. म्हणून होडी रिकामी परत आली म्हणजे एका घरचे दोन धंदे एकाच दिवशी बसतात.

त्यांची जुनी जाळी निरनिराळी आहेत. पाग हे एका माणसाने फेकण्याचे जाळे. दुसरे, पाण्यात पडद्यासारखे उभे राहणारे. त्याच्या भोकांत माशाचे डोके अडकते, व भोकाहून लहान मासा पार निघून जातो. उत्तरेकडे वसई, अर्नाळा, सातपाटी ह्या बाजूस डोल नावाचे पिशवीसारखे जाळे भरती-ओहोटीच्या प्रवाहात रोवून ठेवितात. बोंबील व जवळा त्यात मिळतो. दक्षिणेकडे मालवणच्या बाजूस रापण आहे. होडीने जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडावयाचे आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसांनी ओढावयाची. एक रापण ओढण्यास कित्येक माणसे लागतात, आणि आलेल्या मासळीचे त्यांच्यात वाटे होतात. ज्याची स्वतःची होडी नाही त्यालाही खांद्याच्या बळावर वाटा मिळतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 13 व्या अध्यायात जे जाळे सांगितले आहे ते ह्याच जातीचे, असे उपदेशक बंधूंनी आपल्या मंडळीस अवश्य समजवावे. गालीलच्या सरोवरावर ते काठावर ओढून आणीत व लोक बसून मासे निवडीत, ही गोष्ट रापण पाहिलेल्या माणसास शब्दाशब्दाने कळते. आमच्या सिद्धेश्वर किंवा येलदरी धरणावर जे जाळे दिसते त्यावरून ती पुरती कळत नाही.

आता एक गोष्ट लक्षात ठेवावी. ही सर्व जाळी किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातली आहेत. लहान होडीला फार दूर जाता येत नाही. तिला इंधन परवडत नाही आणि वारा फिरला तर जीव वाचत नाही. रापणीला तर किनारा सोडताच येत नाही. ह्याच उथळ पाण्यात पुष्कळ जातींच्या मासळीची पिल्ले वाढतात, कारण खाड्यांतून येणाऱ्या गाळाबरोबर तेथे त्यांचे खाद्य विपुल असते. कोळंबीही तेथेच सापडते. ह्या एका पट्ट्यावर सर्वांचा डोळा का आहे हे एवढ्यावरून उघड होईल.

ट्रॉलर म्हणजे काय? ही इंजिनाची मोठी नौका असून ती आपल्यामागे पिशवीच्या आकाराचे जाळे ओढीत जाते. जाळ्याचे तोंड उघडे राहावे म्हणून दोन बाजूंस दोन जड फळ्या असतात. पाण्याच्या दाबाने त्या एकमेकींपासून दूर राहतात. खालची दोरी जड असल्यामुळे जाळे समुद्राच्या तळाला घासत जाते, आणि जे पुढे येईल ते पिशवीत जमा होते. हवी असलेली कोळंबी येते, तशीच पिल्ले, खेकडे, शिंपले व कोणी न खाणारे जीवही येतात. शेवटी जो ढीग उरतो तो भुकटीच्या कारखान्याकडे जातो व तेथे कोंबड्यांचे आणि पाळीव माशांचे खाद्य होते. शिवाय वाटेत कोणाचे उभे जाळे असेल तर तेही फाटून जाते. गरिबाच्या होडीत जाळे हीच मोठी पुंजी. ते रात्री फाटले म्हणजे सकाळी सावकाराच्या दारी जाणे आले, हे आमच्या शेतकरी वाचकांस निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही. बैल मेला म्हणजे काय होते हे ते जाणतात.

हे गाऱ्हाणे फार जुने आहे. इंग्लंडात 1376 साली लोकांनी पार्लमेंटापुढे अर्ज केला की, तळाशी ओढावयाचे एक नवे बारीक भोकांचे जाळे निघाले असून त्यात लहान मासळी इतकी येते की धरणारे ती डुकरांस चारून त्यांस लठ्ठ करितात. त्या वेळी इंजिन नव्हते. शिडाच्या होड्या होत्या. तरी गोष्ट तीच होती. आज डुकरांच्या जागी भुकटीचा कारखाना आहे, एवढाच फरक.

आपल्या देशात ही रीत कशी आली? 1952 साली भारत, नॉर्वे व संयुक्त राष्ट्रे ह्यांच्यामध्ये करार झाला आणि पुढील वर्षापासून केरळातील कोल्लमजवळ नीण्डकरा येथे काम सुरू झाले. हेतू चांगला होता. गरीब मच्छीमारास बरी होडी, बर्फ, दवाखाना, पिण्याचे पाणी मिळावे अशी योजना होती. परंतु परदेशात कोळंबीला भाव आला, आणि कोळंबी तळाशी राहते म्हणून तळाशी ओढण्याचे जाळे चालू झाले. ज्यांच्याजवळ भांडवल होते त्यांनी नौका बांधल्या. सरकारनेही कर्जे व सवलती दिल्या. ज्याच्यासाठी योजना काढली तो मागे राहिला आणि दुसराच पुढे गेला. खेड्यांतील योजनांचा असा शेवट आमच्या वाचकांनी इतरत्रही पाहिला असेल.

पहिला मोठा झगडा आपल्या शेजारी गोव्यात झाला. तेथील रापणकारांनी 1970 नंतरच्या दशकात आपली संघटना बांधिली. माथानी साल्ढाणा हे शाळामास्तर त्यांचे एक पुढारी होते. ते पुढे मंत्रीही झाले. मोर्चे निघाले, उपोषणे झाली, समुद्रात चकमकीही उडाल्या. 1978 साली निरनिराळ्या प्रांतांतील होडीवाले एकत्र आले व त्यांतून मच्छीमारांचा राष्ट्रीय मंच उभा राहिला. गोव्याने 1980 साली कायदा केला आणि किनाऱ्यापासून 5 किलोमीटरपर्यंतचे पाणी यांत्रिक नौकांस बंद केले. त्याच वर्षी केरळचाही कायदा झाला, आणि 1988 पासून तेथे पावसाळ्यात ट्रॉलर बंद ठेविण्यात येऊ लागले. इंडोनेशियाच्या सरकारने तर 1980 साली आपल्या पश्चिमेकडील समुद्रात ट्रॉलर अजिबात बंद केले. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम 1981 सालचा आहे.

कोणी म्हणेल, समुद्र सर्वांचा आहे, मग एकाला आत येऊ देणे व दुसऱ्याला हाकलणे हा कोणता न्याय? प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर आम्ही गायरानावरून देऊ. गावचे गायरान सर्वांचे असते. तथापि ज्याला बांधाचे गवत आहे, कडब्याची गंजी आहे, त्याने आपली शंभर जनावरे गायरानात घातली तर ज्या विधवेच्या दोन शेळ्या तेथेच चरावयाच्या तिने कोठे जावे? मोठ्या मालकाला दुसरा मार्ग आहे, तिला नाही. समुद्रातही असेच आहे. मोठी नौका खोल पाण्यात जाऊ शकते, तिच्यात बर्फ आहे, आठ दिवसांचे इंधन आहे. लहान होडी जाऊ शकत नाही. म्हणून जवळचे पाणी ज्याला दुसरीकडे जाता येत नाही त्याच्यासाठी राखावे, हे कायद्याचे मूळ तत्त्व आहे. यंत्र वाईट व हात चांगला, असा ह्याचा अर्थ नव्हे. आज रापणकाराच्या होडीलाही पुष्कळदा छोटे इंजिन असते, आणि असावे.

राखण्याची रीत अशी. किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे सुमारे 22 किलोमीटर, इतक्या पाण्यातील मासेमारी राज्य सरकारच्या हाती आहे. त्यापलीकडे 200 सागरी मैलांपर्यंत केंद्र सरकारचा अधिकार चालतो. आपल्या राज्याच्या नियमांत खोलीवरून हद्द ठरविली आहे. कोठे 5 वाव, कोठे 10 वाव खोलीच्या आत ट्रॉलरला मनाई आहे. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारे अंतर, सुमारे 6 फूट. तसेच सायंकाळी 6 पासून सकाळी 6 पर्यंत ट्रॉलने मासे धरू नयेत असाही नियम आहे, कारण अंधारात उभी जाळी दिसत नाहीत. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत 61 दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांस बंदी असते. पुष्कळ मासळीचा तो विणीचा काळ असतो. पूर्वी कोळी लोक नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवीत. सरकारने जे पुढे कायद्याने केले ते त्यांनी आपल्या चालीने कित्येक पिढ्या केले होते.

जाळ्याच्या भोकाचाही नियम आहे. ट्रॉलच्या पिशवीचे शेवटचे टोक 40 मिलिमीटरच्या चौकोनी भोकांचे असावे असे ठरले आहे. ओढताना साधे भोक ताणून मिटते, चौकोनी उघडे राहते व पिल्लू निसटते. ही गोष्ट आमच्या भोई बांधवांस चटकन उमजेल. सिद्धेश्वरच्या पाण्यात कोणी मच्छरदाणीसारखे जाळे घातले तर दोन वर्षांनी त्या पाण्यात काय उरेल हे त्यांस विचारावे. 2023 साली राज्याने 54 जातींच्या माशांची लहानात लहान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा धरू नये. त्याच वर्षी चंदेरी पापलेट हा राज्याचा मासा ठरला, आणि त्याची लांबी 135 मिलिमीटर, म्हणजे सुमारे सव्वापाच इंच, इतकी तरी असावी असा नियम झाला. सातपाटीचे लोक पापलेटावर जगले, तेथील सहकारी संस्था त्याच माशावर उभ्या राहिल्या. हाताच्या पंजाहून लहान पापलेट बाजारात येऊ लागला तेव्हा ते सर्वांच्या आधी घाबरले, हे साहजिकच आहे.

येथे एक गैरसमज होण्याचा संभव आहे, तो काढून टाकिला पाहिजे. कोणी हा पाठ वाचून सुकट विकणारीस दोष देईल की, बाई, तू पिल्ले विकतेस. तसे नाही. सुकट ज्या जवळ्याची होते तो जन्मभर तेवढाच असतो. वाढून तो मोठी कोळंबी होत नाही. म्हणून लहान दिसणारा प्रत्येक जीव पिल्लू नव्हे. मात्र डोल जाळ्याची भोके बारीक असल्यामुळे जवळ्याबरोबर इतर माशांची पिल्ले त्यातही येतात, आणि हे डोलकरांनी स्वतः मान्य करावे असे आम्हांस वाटते. जुनी रीत म्हणून ती सर्वस्वी निर्दोष ठरत नाही.

ट्रॉलरखेरीज आणखी दोन साधने अलीकडे फार गाजली. एक पर्ससीन. हे प्रचंड जाळे बांगड्याच्या किंवा तारलीच्या थव्याभोवती वर्तुळात सोडितात आणि खालची दोरी बटव्याच्या नाडीसारखी आवळितात. सबंध थवा एकदम हाती येतो. जो थवा किनाऱ्याकडे सरकून दहा रापणींस पोसणार होता तो वाटेतच उचलला जातो. ह्याची चौकशी करण्यास राज्याने डॉ. सोमवंशी ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमिली, आणि तिच्या अहवालावरून 5 फेब्रुवारी 2016 रोजी हुकूम काढून पर्ससीनला फक्त सप्टेंबर ते डिसेंबर इतकीच मुभा ठेविली. परवान्यांची संख्या हळूहळू 182 वर आणावी असेही ठरले. दुसरे साधन दिव्यांचे. रात्री प्रखर एलईडी दिवे पाण्यावर सोडले म्हणजे मासे भुलून प्रकाशाकडे येतात व घेरले जातात. केंद्र सरकारने 10 नोव्हेंबर 2017 च्या हुकुमाने हे दिवे बंद केले, आणि दोन नौकांनी मिळून एक जाळे ओढण्याची रीतही बंद केली.

इतके नियम असता संकट टळले का नाही? कारण नियम कागदावर आणि मासा पाण्यात. समुद्रात बांध नाही, दगड नाही, सर्व्हे नंबर नाही. अपराधी नौका जोरात पळून जाते. मालवणच्या लोकांची मोठी तक्रार कर्नाटकातील मलपी व इतर बंदरांहून येणाऱ्या वेगवान ट्रॉलरांविषयी आहे. ते रात्री आत शिरतात व गस्तीची नौका येईपर्यंत दुसऱ्या राज्याच्या पाण्यात गेलेले असतात. पूर्वी पकडलेल्या नौकेचा खटला तहसीलदारापुढे चाले. त्यांच्या हाती महसूल, निवडणुका, दुष्काळ अशी शंभर कामे, आणि दंड असा की एका फेरीच्या कमाईतून तो फिटून जाई. 2021 साली कायदा दुरुस्त झाला. निर्णयाचा अधिकार मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आला आणि दंड लाखांवर गेला. दिव्यांच्या मासेमारीस तो 5 लाखांपासून 20 लाख रुपयांपर्यंत आहे. आमच्या मते ह्या दुरुस्तीचे मोल पुष्कळ नव्या हुकुमांहून अधिक आहे.

दुसरी बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. ट्रॉलरवर राबणारा खलाशी श्रीमंत नसतो. रत्नागिरीच्या नौकांवर नेपाळापासून आलेली मुले काम करितात. महिनोन् महिने ती घर पाहत नाहीत. मालकांपैकीही पुष्कळ मूळचे मच्छीमारच आहेत, ज्यांनी कर्ज काढून नौका बांधिली आणि आता डिझेलचा खर्च निघावा म्हणून त्यांस आत शिरण्याचा मोह होतो. मासा कमी झाला म्हणजे ते अधिक बारीक जाळे घालितात, त्यामुळे मासा आणखी कमी होतो. एकाच गावात एक भाऊ रापणीवर आणि दुसरा ट्रॉलरवर, असेही घडते. म्हणून किनाऱ्यावर जेव्हा मारामारी होते व एखादी नौका जाळली जाते तेव्हा मनास फार वाईट वाटते. तुरुंगात जातात ते दोन्ही बाजूंचे गरीब. होडीवाल्यांचे गाऱ्हाणे खरे आहे, तरी हाणामारीने जवळचे पाणी त्यांस मिळाले असे आम्हांस कोठे दिसत नाही. गोव्यात काय किंवा केरळात काय, संघ बांधून चिकाटीने सरकारचे दार ठोठावले तेव्हाच कायदा आला.

जगाचेही लक्ष ह्या लोकांकडे वळले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने 2014 साली लहान मच्छीमारांविषयी मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली. त्यांत मासळीचे रक्षण आणि मासळीवर जगणाऱ्या माणसांचे रक्षण ही एकत्र धरिली आहेत, व बायकांच्या कामाचा निराळा उल्लेख आहे. ती कोणावर बंधनकारक नाहीत, परंतु सरकारपुढे अर्ज करिताना त्यांचा आधार घेता येतो.

हा पाठ मंडळीत शिकविताना उपदेशकांनी अंगणात काठीने एक रेघ ओढून तो किनारा समजावा, पुढे हातभर जागा सोडून दुसरी रेघ ओढावी, आणि दोन रेघांमध्ये मुलांकडून लहान खडे व पलीकडे मोठे दगड ठेववावेत. मग एक मोठा दगड आत सरकवून विचारावे की आता ह्या खड्यांनी कोठे जावे. भूमिहीन मजुराच्या मुलास उत्तर लगेच येईल. गायरानाचा किंवा धरणातील मासेमारीच्या हक्काचा काही वाद गावात चालू असेल तर मोठ्या माणसांच्या वर्गात तोही निघेल. निघाला तर निघू द्यावा.

2025 च्या आरंभी राज्य सरकारने किनाऱ्यावर ड्रोन, म्हणजे माणसावाचून उडणारी छोटी यंत्रे, सोडून नौकांवर नजर ठेवण्यास आरंभ केला. वरून नौकेचे चित्र व जागा टिपता येते, म्हणून आपण हद्दीबाहेर होतो असे म्हणणाऱ्यास आता पुरावा दाखविता येईल. तथापि यंत्र पाहते, पकडीत नाही. त्यामागोमाग गस्तीची नौका वेळेवर निघावी लागते, तीवर माणसे असावी लागतात, आणि पकडलेल्या नौकेवरील खटला लवकर चालावा लागतो. मालवणच्या रापणकारांची मागणी आज तेवढीच आहे. नवा कायदा ते मागत नाहीत. 1981 चा आहे तो रात्रीही चालावा असे म्हणतात.